परदेशातल्या गरीब वस्तीतल्या मुलांना ऑनलाईन कोडिंग शिकवायचंय, पण तिकडे नेट आणि लॅपटॉप दोन्हीची बोंब आहे, कसं करू?
लाईव्ह व्हिडिओचा हट्ट आधी सोडा, सगळा डेटा त्यातच जातो. मुलं लहान असतील तर स्क्रॅच घ्या, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 2007 मध्ये आणलेलं, फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं आणि खूप भाषांमध्ये आहे. मोठ्यांकडे नुसता अँड्रॉइड फोन असला तरी पायड्रॉइड 3 या अ‍ॅपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ऑफलाईन चालते, फक्त कोलन (:) आणि इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) फोनच्या कीबोर्डवर टाकताना पोरं वैतागतात, म्हणून सुरुवातीला पाच-सहा ओळींचेच प्रोग्राम द्या. एरर आली की स्क्रीनशॉट आणि व्हॉइस नोट पाठवू देत, तुम्ही सवडीने उत्तर द्या, वेळेच्या फरकाचाही प्रश्न मिटतो. आणि तिथला एखादा शिक्षक सोबत हवाच, त्याशिवाय मी तरी सुरू करणार नाही.