फेरी काढा, पण पैसा पहिल्या दुर्बीण तपासणीवर घाला

तुमचा प्रश्न वाचला. मामा अन्ननलिकेच्या कॅन्सरनं गेले, तालमीतली पोरं त्यांच्या नावानं कोल्हापुरात रंकाळा तलावाभोवती जनजागृती फेरी काढायची म्हणतायत, निधीही जमवायचाय, आणि तो मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेला द्यावा की इथंच वापरावा, असं तुम्ही विचारलंय. रुग्णांच्या घरच्यांबरोबर बरीच वर्षं दवाखान्यांच्या चकरा मारतोय, त्यावरून सांगतो. फेरी जरूर काढा, पण पैसा इथंच ठेवा आणि निदान होण्याआधीच्या टप्प्यावर खर्च करा.

अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, पित्तनलिका, या सगळ्या कॅन्सरमध्ये घात होतो तो उशिरामुळे. तोंडातला चट्टा आरशात दिसतो, छातीतली गाठ हाताला लागते. इथं बाहेरून काहीच कळत नाही, आणि जे जाणवतं ते आपण पित्तावर नाहीतर तिखट रश्श्यावर ढकलतो. मग मेडिकलमधून गोळ्या, पातळ औषधाची बाटली, आणि त्यात महिने जातात.

जेवणाच्या ताटाकडे बघा, म्हणजे लक्षात येईल. आधी माणूस भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायला लागतो. मग भाकरी आमटीत कुस्करून खातो. मटणाचे तुकडे बाजूला सारून नुसता पांढरा रस्सा पितो. पुढं दूधभात, मग पेज. पंक्तीत बसायचं टाळतो, कपडे ढिले होतात. घरचे म्हणतात, दात गेलेत, वय झालं. प्रत्यक्षात अन्ननलिका बऱ्यापैकी अरुंद झाल्याशिवाय घास अडकतच नाही, त्यामुळे पहिल्यांदा अडकला तेव्हाच उशीर होऊ लागलेला असतो. तुमच्या पत्रकावर बाकी काही नसलं तरी चालेल, पण हे मोठ्या अक्षरात हवं: घास अडकतोय, वय कितीही असो, दुर्बिणीनं तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्या. उपाशीपोटी जायचं, घशात बधीर करणारा फवारा मारतात, आणि साधी तपासणी दहा-पंधरा मिनिटांत उरकते. लोक नावालाच घाबरतात. ज्यानं ती करून घेतलीय अशा गावातल्याच माणसाला चार शब्द बोलायला लावा.

काविळीचंही स्पष्ट लिहा. पोटात न दुखता डोळे पिवळे होणं, अंगाला खाज, लघवी गडद, शौच फिकट, हे स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीमुळे असू शकतं. आपल्याकडे कावीळ म्हटलं की झाडपाल्याचं औषध आणि पथ्य. ते महिनाभर चालतं आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते. पन्नाशीनंतर अचानक साखर निघाली आणि वजनही उतरतंय, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय तर कोल्हापुरात हा विषय पुराच होत नाही. निपाणीची तंबाखूची बाजारपेठ शेजारी. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी असली तरी चुना-तंबाखू प्रत्येक कट्ट्यावर मळली जाते, आणि मिश्री लावणाऱ्या आयाबायांना आपण तंबाखू खातोय असं वाटतच नाही. न ओढता खाल्लेल्या तंबाखूनंही तोंडाबरोबर अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सिद्ध मानलंय. त्यावर दारू असेल तर अन्ननलिकेचा धोका आणखी वाढतो. मिश्रीचा विषय बचत गटाच्या बैठकीत बायकांनीच बायकांशी बोलावा, तालमीच्या पोरांनी व्यासपीठावरून सांगून काही होणार नाही. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन पत्रकावर द्या.

एक मोह मात्र टाळा. 'सर्वांसाठी मोफत कॅन्सर रक्त तपासणी' असलं शिबिर घेऊ नका. ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे घटक, धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला उपयोगी नाहीत, उगाच एकाची झोप उडते आणि दुसरा खोट्या भरवशावर राहतो. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकार करतं, कारण तिथं जठराच्या कॅन्सरचं प्रमाणच फार आहे. आपल्याकडे लक्षणं असलेल्यांना शोधून त्यांचीच एंडोस्कोपी करणं शहाणपणाचं.

आता पैशाचं. ऑपरेशन, केमो, रेडिएशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात मदतीला आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठायचं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसला स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचं प्रमाणपत्र तेवढं लागतं. हे कागद वेळेत कुणी करून देत नाही, आणि तुमची पोरं नेमकी इथं कामाला येतील.

खिशातून जातं ते आधीचं आणि आजूबाजूचं: पहिली एंडोस्कोपी, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं), स्कॅन, परळला राहणं, बुडालेली मजुरी, आणि घास उतरेनासा झाला म्हणून पोटात नळी घातल्यावरचं खाणं. या नळीच्या आहाराकडे कुणाचं लक्ष नसतं. वजन घसरलेल्या रुग्णाला ऑपरेशन आणि केमो झेपत नाही, म्हणून पातळ आहार, प्रोटीन पावडर यांवर मदत द्या. निधी रोख हातात न ठेवता दवाखान्याच्या किंवा लॅबच्या बिलावर भरा.

जमवायचं कुठं? फेरीत टी-शर्टांवरच निम्मा पैसा जातो, ते नकोच. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव दूध संस्थेत येतं. तिथं पत्रक लावा, सचिवांना भेटा, आणि ज्या सभासदांची लेखी संमती असेल त्यांच्या दहा दिवसांच्या बिलातून पाच-दहा रुपये वळते करता येतात का विचारा. त्याआधी मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी घ्या, जशी गणपतीला घेतात. वेगळं बँक खातं उघडा, सह्या दोघांच्या ठेवा आणि दर महिन्याचा हिशोब तालमीच्या फळ्यावर लावा, रुग्णाचं नाव न लिहिता.

पत्रकाचा मजकूर तयार झाला की इथं टाका, वाचून सांगतो. छापायच्या आधी मात्र एखाद्या पोटविकारतज्ज्ञाच्या नजरेखालून घाला.