फळ्यांची वाट, ओहोटीची वेळ आणि व्हीलचेअर

प्रश्न : आईचं वय ७८. दोन्ही गुडघे गेलेले; घरात काठी धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. खाडीकाठचं कांदळवन, म्हणजे खारफुटीची झाडी, तिने कधी पाहिलेली नाही. ऐरोलीला त्या वनातून लाकडी फळ्यांची वाट आहे असं कळलं. तिला नेता येईल का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : जरूर न्या. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. मुंबई-नवी मुंबईच्या इमारतींच्या मधोमध शिल्लक राहिलेलं हे वन आहे. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला.

निघण्याआधी केंद्राला फोन करा, पण ‘वाट किती लांब आहे’ एवढ्यावर थांबू नका. अंतरामुळे सहसा कुणी अडत नाही, अडतं ते एका पायरीपाशी. म्हणून असं विचारा : गाडी थांबते तिथून फळ्यांपर्यंत एकही पायरी आहे का? जमीन आणि पहिली फळी यांत किती उंची आहे? सर्वांत अरुंद जागी रुंदी किती? साधी व्हीलचेअर ६० ते ६५ सेंमी रुंद असते आणि हाताची बोटं चाकाबाहेर येतात, त्यामुळे ९० सेंमीपेक्षा कमी जागेत हात खरचटतात. खुर्ची वळवायला दीड मीटर लागतो. शेवटाला तेवढी जागा नसेल तर सगळी वाट उलटं ओढत यावं लागेल. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूपबंद, हेही विचाराच.

जळगाव-भुसावळकडून रात्रीच्या गाडीने पहाटे ठाण्याला उतरा. सकाळच्या गर्दीत व्हीलचेअर घेऊन लोकलमध्ये चढू नका. ऐरोली तिथून जवळ आहे, टॅक्सी करा. आपल्याकडे कडक ऊन सोसणारी माणसंही खाडीकाठच्या दमट हवेत लवकर थकतात. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सुती कपडे, भरपूर पाणी, आणि साडेदहा-अकराच्या आत परत.

फ्लेमिंगो दाखवणारी बोट मात्र आईसाठी सोडा. भरती-ओहोटीबरोबर पाण्याची पातळी बदलते. धक्का आणि बोट यांच्यातलं अंतर दर तासाला वेगळं असतं. गुडघ्यांना ते पाऊल झेपणार नाही.

प्रश्न : खुर्ची ढकलणार मीच. काय काळजी घ्यावी? – तोच वाचक

उत्तर : खुर्ची भाड्याने घेणार असाल तर मागची चाकं मोठी, २४ इंची असलेलीच घ्या. दवाखान्यात असते ती चारही चाकं लहान असलेली खुर्ची फळ्यांवर खडखडते आणि पाठीच्या मणक्याला प्रत्येक सांधा जाणवतो.

खरी अडचण पुढच्या दोन छोट्या चाकांची. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या असतील आणि फट १२ मिमीच्या आत असेल तर चाक सहज वरून जातं. फळ्या वाटेच्या दिशेने उभ्या टाकल्या असतील तर चाक फटीत वळतं, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं. अशी जागा दिसली की थांबा. खुर्चीच्या मागे खाली एक आडवी नळी बाहेर आलेली असते. तिच्यावर पाय दाबा, हँडल आपल्याकडे खेचा. पुढची चाकं चार बोटं उचलली जातील. तेवढी जागा मागच्या चाकांवर ओलांडा आणि पुढचं हळूच टेका. उचलण्याआधी आईला सांगा, नाहीतर ती घाबरून कठडा पकडेल.

उतारावर खुर्ची नेहमी उलटी न्या, म्हणजे तुम्ही खालच्या बाजूला आणि आईची पाठ तुमच्याकडे. थांबलात की दोन्ही ब्रेक. पट्टा बांधलेला असू द्या. पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा जाऊ नका.

प्रश्न : ओहोटीची वेळ आधी कशी काढायची? – चाळीसगाव

उत्तर : कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा. भरतीपासून साधारण सहा तासांवर ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आतल्या खाडीत याहून थोडा उशीर होतो. हा अंदाज आहे. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा.

वाटेवरून पाहायचं तर ओहोटी हवी. चतुर्थी ते षष्ठीच्या सुमारास ती सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येते. चिखल उघडा पडला की बोटाएवढी श्वसनमुळं जमिनीतून सरळ वर आलेली दिसतात, तिवराची. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढतं. त्यांच्यामधून निवटी मासे पंखांवर रेटा देत सरकतात आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती वर-खाली हलवतात. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर खाली असते, त्याला हे उभ्या माणसापेक्षा आधी दिसतं. तिवराचं पान उलटून पाहा, मिठाचे कण सापडतात. पण फांद्या तोडू नका. खाडीकाठी गेवा नावाचं झाडही असतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला इजा होते.

प्रश्न : आमच्या गावतळ्याकाठी पळस, बाभूळ, अंजनाची थोडी झाडी उरली आहे. ग्रामपंचायत तिथे अशीच लाकडी वाट करायची म्हणते. सुचवा. – एक शिक्षक, शहादा

उत्तर : सगळीकडे लाकूड टाकू नका. कोरड्या भागात दाबलेला मुरूम, आणि पावसाळ्यात पाणी साचतं तेवढ्याच तुकड्यात फळ्या. मुरूम १५ सेंमी जाड, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला. वरून सुटी खडी पसरू नका, चाक रुततं. पेव्हर ब्लॉक काळ्या मातीवर दोन पावसाळ्यांत वर-खाली होतात.

फळ्यांच्या तुकड्याचा शत्रूही काळी मातीच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब आपल्याबरोबर उचलते. एक खांब दोन सेंमी उचलला तरी सांध्यावर पायरी तयार होते. म्हणून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खड्डा घ्या. दोन मीटरवरही काळीच निघाली तर जागा बदला. खांबाचं लाकूड मातीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी पकड बसवून तिच्यात खांब धरा.

रुंदी दीड मीटर, आणि दर २५-३० मीटरवर दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडतील अशी १८० सेंमीची जागा. तिथेच पाठ असलेला बाक. फळी ४ सेंमी जाड, खाली दर ५० सेंमीला आधार. खिळे नकोत, स्क्रू हवेत. लाकूड सुकलं की खिळा डोकं वर काढतो. ओल्या लाकडाची फळी बसवलीत तर मे महिन्यात फट वाढेल, म्हणून लाकूड आधी सुकवा आणि मग ८ मिमी फट ठेवा. दोन्ही कडांना १० सेंमी उंच पट्टी ठोका, चाक घसरून खाली जात नाही. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको : ३० सेंमी चढायला ३ मीटर ६० सेंमी लांबी, आणि जागा असेल तर १:२० करा. प्लास्टिकमिश्रित फळ्या कितीही टिकाऊ सांगितल्या तरी आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हात अनवाणी पाय भाजतात.

झाडांखालची झुडपं काढून लॉन करायचा मोह होईल, तो टाळा. पक्षी त्याच झुडपांत असतात. जमीन वन खात्याची असेल तर पहिला खड्डा घेण्याआधी परवानगी. आणि शेवटचे स्क्रू आवळण्याआधी गावातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला बोलावून ती वाट एकदा स्वतःच्या हातांनी चालवून बघायला सांगा. जिथे तो थांबेल तिथे खडूची खूण करा आणि तेवढ्या फळ्या पुन्हा उघडा.