हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पहिल्यांदा करताय?
देवळामागची ही वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, म्हणून पहिलं म्हणजे भरतीचं टायमिंग बघून जा, बाकी हॉटेल वगैरे मिळतं कुठेही. कोकणातला सोपा हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला साधारण 6 ला भरती आणि 12 च्या आसपास पूर्ण ओहोटी. पाणी उतरत असतानाच देवळामागच्या पायऱ्यांनी कड्याच्या खाचेतून खाली उतरा. खाली मधमाशांच्या पोळ्यासारखा भोकं पडलेला खडक दिसेल, तो निवांत बघा, मी तिथेच अर्धा तास घालवतो 😄 पण हिरवट शेवाळलेल्या दगडावर पाय नकोच, मी एकदा सेल्फीच्या नादात सपशेल आपटलोय, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो तर अजिबात नको. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पावसाळ्यात तर वरूनच नमस्कार.