नाताळ सगळ्यांचा, मग ओट्यापाशी एकटीच का?

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. आमचं घर नाशिकला शरणपूर रोडला, मी थोरली सून, सातपूरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सासरे गेले तेव्हापासून नाताळ आमच्याकडेच असतो, म्हणजे पुणे-मुंबईचे दोन्ही दीर फॅमिलीसकट, नणंद, तिचे मिस्टर, मुलं, मावससासूबाई असे सगळे मिळून 20-22 जण, येणार 24 ला दुपारी आणि जाणार 26 ला जेवून. डिसेंबर लागला की ऑफिसवरनं आल्यावर माझी दुसरी शिफ्ट सुरू, करंज्या, चकल्या, शंकरपाळी, मग केक, पडदे धुणं, गाद्या उन्हात टाकणं, शेजाऱ्यांच्या दिवाळीच्या फराळाची परतफेड म्हणून ताटं भरणं. 24 च्या रात्री घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी येते, कधी दीडला कधी अडीचला, तीसेक पोरं, त्यांचा चहा मीच करते. 25 ला सगळे नवे कपडे घालून चर्चला जातात आणि मी मटण शिजतंय म्हणून घरी. गेल्या वर्षी उपासना चुकली, त्याच्या आदल्या वर्षीही. जाऊ म्हणते वहिनी तुमच्या हातची चव कुणाला येणार, नणंद म्हणते मी वर्षातनं एकदा तर माहेरी येते. बिर्याणी बाहेरून मागवू म्हटलं तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मिस्टर म्हणतात चार दिवसांचा तर प्रश्न आहे, सांभाळून घे. वरनं दीर मला बायबलमधली मार्था-मरीया या बहिणींची गोष्ट ऐकवतात, येशू घरी आला तेव्हा मरीया त्याचं ऐकत बसली आणि मार्था कामात अडकली ती, की वहिनी तुम्ही मार्थेसारखं कामात अडकू नका. खर्चही जवळपास सगळा आमचाच. मला नाताळ लहानपणापासून आवडतो हो, पण आता नोव्हेंबर संपत आला की पोटात गोळा येतो. भांडण न होता काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ती चुकलेली उपासना. बाकी कशावरही तडजोड करा पण यावर अजिबात नाही. ज्याचा वाढदिवस म्हणून हा सगळा घाट घातलाय त्याच्या प्रार्थनेला घरातली एक बाई जाऊच शकत नाही आणि बाकीच्या 20 जणांना त्यात काही वावगं वाटत नाही, हे मला फार लागलं. रस्सा 24 ला संध्याकाळीच करून ठेवा, नाशिकच्या थंडीत तो छान राहतो, गार झाला की फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. उपासनेवरनं आल्यावर उकळी आणायची आणि भात टाकायचा, एवढंच. जेवायला दोन वाजले तर वाजू द्या, तोपर्यंत फराळ आहेच की.

आता मार्थेचं. ही गोष्ट आपल्याकडे कायम राबणाऱ्या बाईलाच ऐकवली जाते आणि ती ऐकवणारा माणूस बहुतेक वेळा पानावर बसलेला असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू मार्थेला सांगतो ते असं की तू फार गोष्टींची दगदग करतेस, थोडक्यात भागण्यासारखं आहे. म्हणजे बेत कमी करायची परवानगी आहे ती! पाच प्रकारचा फराळ, दोन केक, मटण, चिकन सगळं कर आणि वर हसतमुखही राहा, असं कुठंही म्हटलेलं नाही. दिरांना गोष्टी आवडत असतील तर त्यांना बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून द्या. पहिल्या मंडळीतही, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या पहिल्या समुदायातही, जेवणाच्या वाटपावरनंच कुरबुर झाली होती, काही विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली होती, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना गप्प नाही बसवलं, सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि त्या कामासाठी सात जण नेमले, सातही पुरुष. त्यातलं पहिलं नाव स्तेफनचं, आणि चर्चच्या कॅलेंडरात स्तेफनचा दिवस आहे 26 डिसेंबर. तुमच्या घरात 26 ला काय असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मी सांगू शकते, मोरीत रचलेली पातेली, तळाला धरलेला रस्सा, गार पाण्यानं आखडलेली बोटं, आणि हॉलमध्ये गप्पा. तर 26 ची भांडी ही दिरांची आणि नणंदेच्या मिस्टरांची. हे मी अगदी मनापासून सांगतेय, त्यांना तसंच सांगा.

सासूबाईंवर मात्र रागावू नका, त्यांना काय दिसतंय ते बघा. शरणपूर ही 1854 साली मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती, सासूबाईंच्या तरुणपणी तिथली आपली घरं एकमेकांना लागून होती, जावा, नणंदा, आत्या हाकेच्या अंतरावर. करंज्यांना बसायचं म्हणजे एक सारण करणार, एक पीठ कुटणार, दोघी लाटणार, एक कातणीनं कापणार, एक कढईपाशी, आणि ओल्या फडक्याखाली करंज्या झाकायचं काम पोरींचं. कामाला सहा-सात जणी असायच्या म्हणून तो बेत जमायचा. आता जावा पुण्या-मुंबईला गेल्या, नणंद सासरी, तुम्ही दिवसभर ऑफिसात, हात राहिले दोन आणि बेत मात्र तसाच्या तसा. त्यांना वाटतं सून कुरकुरते, तुम्हाला वाटतं सासू राबवते, आणि खरं म्हणजे तुम्ही दोघीही त्या नसलेल्या बायकांचं काम ओढताय. हे त्यांच्याशी शांतपणे बोला, बिर्याणीचा विषय न काढता, आई तुमच्या वेळी करंज्यांना कोण कोण असायचं असं विचारून बघा, त्या स्वतःच नावं घ्यायला लागतील.

बोलायची वेळ पण महत्त्वाची. 24 ला कढईसमोर उभं राहून बोललात तर भांडणच होणार. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये कधीतरी येतो, त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि बोलायला सुरुवात तुमच्या मिस्टरांनी करायची, तुम्ही नाही. त्यांची आई, त्यांचे भाऊ, त्यांची बहीण. तुम्ही बोललात की ती सुनेची तक्रार होते, ते बोलले की घरचा निर्णय होतो. सांभाळून घे म्हणणाऱ्या नवऱ्यानं निदान एवढं तरी सांभाळावं.

आणि कॉलवर मदत मागू नका. मदत म्हणजे वहिनी कांदे चिरून देऊ का, किती चिरू, सुरी कुठंय, बारीक की जाड, म्हणजे हात त्यांचे आणि डोकं पुन्हा तुमचंच. आख्खं काम द्या. धाकटी जाऊ केक घेऊन येणार, म्हणजे सामान, भाजणं, डबा सगळं तिचं, बेकरीतनं आणला तरी चालेल, विचारायचं नाही. दुसरी जाऊ शंकरपाळी नि चकल्या पुण्याहूनच आणणार. नणंदेनं 25 चा सकाळचा चहा-नाश्ता घ्यायचा, माहेरपण करावं, जरूर करावं, पण तुम्हालाही माहेर आहे आणि तुम्ही तिकडे नाताळला कधी गेलात ते त्यांना आठवून बघू दे. कॅरलचा चहा तुमचे मिस्टर आणि मोठे भाचे. गाद्या-पांघरुणं ज्यानं वापरली त्यानं आवरायची. करंज्या सासूबाईंच्या देखरेखीखाली, एका रविवारी, सगळ्यांना न्यायला नाहीत, ताटापुरत्याच, म्हणजे त्यांचा मानही राहतो. कुणी काम नीट केलं नाही, केक करपला, तर तुम्ही धावत जाऊन दुसरा करायचा नाही, हे अवघड जाईल पण नका करू.

हे सगळं तुमच्याच घरात होतंय असं वाटून घेऊ नका. सरकारच्या 2019 च्या वेळ-वापराच्या सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती आणि पुरुषांची 97, आणि तेही जे करतात त्या पुरुषांची, करणारे शंभरात 26 च होते. सणाला हे अंतर आणखी वाढतं, आपण बघतोच.

पैशांचं लाजू नका. मटण, तेल, ड्रायफ्रूट, गॅस, सगळ्याचा हिशेब ठेवायची तुम्हाला ऑफिसातच सवय आहे, तोच इथं लिहा आणि तीन भावांत सरळ वाटा. नणंदेकडून घ्यायचे की नाही ते भावांनी ठरवावं. आणि बिर्याणी मागवायचीच असेल तर ती 26 ला मागवा, 25 ला नको, म्हणजे सासूबाईंचा नाताळ घरचाच राहतो. हंडी किलोवर मिळते, 1 किलो तांदळाच्या बिर्याणीत साधारण 8 ते 10 माणसं जेवतात, त्या हिशेबानं ऑर्डर आधीच देऊन ठेवा कारण त्या आठवड्यात सगळीकडे गर्दी असते.

प्रश्न: मी धाकटी सून, आम्ही सिडकोत वेगळे राहतो. नाताळला मोठ्या जाऊबाईंकडे जमतो. मी किचनमध्ये गेले की त्या म्हणतात तू बस, तुला आमच्यातलं जमायचं नाही, कारण माझं माहेर हिंदू आहे. मग मी बाहेर बसते आणि नंतर कानावर येतं की धाकटी नुसती मिरवते. काय करावं?

उत्तर: बाई गं, बस म्हटल्यावर बसणं आणि वर बोल खाणं, दोन्ही तुझ्याच वाट्याला. त्यांच्या किचनमध्ये शिरायचा हट्ट नको करू, तिथं त्यांची जागा आहे आणि ती त्यांनी एवढ्या वर्षांत राबून कमावलीये. तू तुझ्या ओट्यावर करून ने. आठ दिवस आधी फोन करून सांग, विचारू नकोस, वहिनी या वर्षी अनारसे आणि चिवडा माझ्याकडून. अनारसे माहेरी शिकली असशीलच, ते काही हिंदू-ख्रिस्ती नसतात, आपल्या नाताळच्या ताटात ते पहिल्यापासून आहेत. आणि जेवणं झाली की न विचारता खरकटं काढायला घे, तिथं कुणी तू बस म्हणत नाही. नुसती मिरवते हे कुणी म्हणालं तर ते उत्तर तुझ्या नवऱ्यानं द्यायचं, तिथल्या तिथं. आणि एक, जाऊबाईंना कधीतरी एकटीला गाठून सांग की मला तुमचं मटण शिकायचंय. खरंच शिकायचं असेल तरच सांग.

प्रश्न: मी नाशिकरोडला प्रेसमधनं रिटायर झालो. मिसेसचे गुडघे गेलेत, सून बाळंतीण आहे. मुलगा म्हणतो यंदा कुणाला बोलवायचं नाही. मला चहाशिवाय काही येत नाही. नाताळ रद्द करायचा का?

उत्तर: काका, रद्द कशाला, घरात बाळ आलंय! जेवण रद्द करा. लोकांना 25 ला संध्याकाळी 5 ते 7 चहा-केकला बोलवा, केक बेकरीचा, फराळ मंडळीतल्या कुणी ऑर्डर घेत असेल तिच्याकडनं विकत घ्या आणि पैसे आगाऊ द्या. प्लेटा कागदी. बाळाला हातात द्यायची जबरदस्ती कुणी करणार नाही हे तुम्ही दारातच बघायचं, ते काम आजोबांचं. चहा येतो म्हणता तर तुमचं निम्मं काम झालंच, कॅरलच्या पोरांना पण तुम्हीच करा, तीस जणांना अर्धा-अर्धा कप म्हणजे दीड लिटर दूध नि तेवढंच पाणी पुरतं. आलं दुपारीच ठेचून ठेवा, आणि दूध 24 ला सकाळीच आणा, संध्याकाळी डेअरीत मिळेल असं धरून चालू नका.