रियाज, मान आणि कूलर

प्रश्न : मी गाणं शिकते. रोज दीड तास स्वतः पेटी वाजवत रियाज करते. अर्ध्या तासातच मान आणि डावा खांदा भरून येतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, गळा आवळतो. आई आणि गुरुजी म्हणतात, ताठ बस. ताठ बसले की पाठ जास्तच दुखते. काय करू?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : अगं, आधी ते ताठ बसणं सोड. ताठ म्हटलं की आपण छाती फुगवतो, कंबर आत ओढतो आणि दहा मिनिटांत पोत्यासारखे खाली येतो.

माझीही मान अशीच गेली होती. महाल भागातल्या घरी मे महिन्यात कूलरच्या घरघरीत पेटीचा सूर ऐकू येईना, म्हणून मी कान पुढे नेत नेत वाकायचे. पाऊस आला, कूलर बंद झाला, मान तिथेच राहिली. शेवटी माझी एक चिमुरडी शिष्या म्हणाली, ''ताई, तुम्ही पेटीचा वास घेऊन राह्यल्या का?''

गळ्याचा असाच त्रास झालेल्या एकाची गोष्ट ऐक. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात १८६९ साली जन्मलेला फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर रंगमंचावर उतारे म्हणायचा. त्याचा आवाज बसू लागला, विश्रांती घेऊनही गुण येईना. मग तो आरशासमोर उभा राहून म्हणू लागला. तेव्हा दिसलं, तोंड उघडताना तो डोकं मागे खेचतो, स्वरयंत्र दाबतो आणि श्वास हापसतो. कळलं तरी सवय सुटेना. म्हणायचं मनात आलं की ती आधी हजर! म्हणून तो म्हणण्याआधीच थांबायला शिकला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये संगीताच्या विद्यार्थ्यांना त्याची ही पद्धत शिकवतात.

तू कपाटाच्या आरशाला बाजू दाखवून बस. बुडाखाली सतरंजीची जाड घडी घे, मांडीखाली नको. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठ आपसूक उभी राहते. आता उजवा तळवा मानेवर ठेव आणि तार सा लावायचं नुसतं मनात आण. हाताखाली काही आवळलं? हनुवटी उचलली गेली? तेच तुझं दुखणं. सा लावू नकोस. मान सैल होऊ दे, मग पुन्हा मनात आण. दोन-तीनदा असं न गाताच सोडून दे, मग गा. पहिल्या दिवशी हे वेडेपणाचं वाटेल, वाटू दे.

डाव्या खांद्याबाबत मात्र मला पेटीचाच संशय आहे. भाता गळका असला की हात सारखा हापसतो आणि खांदा कानाला लागतो. एकही पट्टी न दाबता भाता भर. आपोआप भसकन बसला तर पेटी दुरुस्तीला दे. बोटांना मुंग्या येत असतील तर माझं ऐकत बसू नकोस, हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

आणि उन्हाळ्यात रियाज पहाटे साडेपाचला कर. तेव्हा आपल्या नागपुरातही कूलर बंद ठेवता येतो.