कोकणात घोडा पाळायचा आहे. पागा, चारा आणि मोतद्दार यांची सोय कशी करावी?

तुम्ही पुण्याहून अलिबाग तालुक्यात राहायला आला आहात, दीड एकराची वाडी आहे आणि एक घोडा घ्यायचा विचार आहे; त्यासाठी पागा कशी बांधावी, खायला काय घालावे आणि सांभाळायला माणूस, म्हणजे मोतद्दार, कुठून आणावा, असे तुम्ही विचारले आहे. मी रेवदंड्याजवळ नऊ वर्षे एक घोडी सांभाळतो आहे. माझे पहिले सांगणे असे की तुमचा क्रम बदला. आधी माणूस, मग पावसाळ्याचा चारा, मग पागा आणि सर्वांत शेवटी घोडा.

मी स्वतः हा क्रम पाळला नव्हता. माझा पहिला मोतद्दार घोड्यावर बसण्यात तरबेज होता, पण चाऱ्याकडे त्याचे लक्ष नसे. दुसऱ्या वर्षी जुलैत, चार दिवस सलग पाऊस लागलेला असताना, गंजीच्या तळाचे ओल धरलेले गवत त्याने तसेच गव्हाणीत टाकले. रात्री अकराच्या सुमारास घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली आणि मान वळवून पुन्हा पुन्हा आपल्या कुशीकडे पाहू लागली. संध्याकाळपासून तिने लीदही टाकली नव्हती. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की वेळ फार थोडा असतो. घोड्यांचा अनुभव असलेले डॉक्टर पहाटे पोचले, त्यांनी नाकातून नळी घालून पोटात तेल सोडले, आणि दुपारी तिने लीद टाकली तेव्हा मी तिच्या मानेला धरून रडलो. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. म्हणून घोडा जाणणारे डॉक्टर कोण, ते रात्री येतील का, हे घोडा येण्याआधीच विचारून ठेवा.

आताचा मोतद्दार माथेरानला घोड्यांतच वाढलेला आहे. गवताचा भारा सोडण्याआधी तो कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर गवत बाहेर काढून नाकाशी नेतो, आणि आत ऊब किंवा कुबट वास लागला तर तो भारा पागेत न नेता थेट खतात टाकतो. माणूस निवडताना त्याची स्वारी पाहू नका. तासभर एखाद्या घोड्याजवळ उभे राहू द्या आणि तो न सांगता चारही पाय उचलून खूर तपासतो का, पाण्याची बादली घासतो का, खरारा करताना, म्हणजे अंग घासून साफ करताना, पायांवरून हात फिरवून सूज बघतो का, एवढेच पाहा. माथेरानचे घोडेवाले आणि अलिबागच्या किनाऱ्यावरचे घोडागाडीवाले यांच्याकडे चौकशी केल्यास माणूस मिळतो, खुरांना नाल ठोकणारा नालबंदही त्यांच्याच ओळखीने मिळतो. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी आला पाहिजे.

चाऱ्याचा हिशेब साधा आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे सात किलो सुका चारा लागतो, म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना नासाडी धरून जवळजवळ एक टन. आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक असतो, पण त्यात पोषण कमी असते. केवळ त्यावर घोडा राहत नाही. दिवाळीनंतर कापलेले डोंगरी गवत चांगले वाळवून, जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर रचून ठेवावे. भिजवलेले हरभरे, ओट आणि थोडा कोंडा हा खुराक दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावा, कारण घोड्याचे जठर लहान असते. कोंडा मात्र वाढवत नेऊ नये, त्याने शरीरातले चुन्याचे (कॅल्शियमचे) प्रमाण बिघडून हाडे ठिसूळ होतात. मिठाचा खडा कायम समोर असावा. आणि किनाऱ्यालगतची वाडी असेल तर खाणे कधीही जमिनीवर टाकू नका, चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचून तिच्यानेही पोटशूळ होतो.

पागेला बारा बाय बारा फुटांची एक खोली पुरते. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दार पूर्वेला ठेवा आणि भिंतीच्या वरच्या भागात समोरासमोर झरोके सोडा. जांभ्याच्या भिंती आणि वर कौले उत्तम, पण तळाला जांभा नको. तो पाणी शोषून ओला राहतो आणि शेवाळतो. जोते फूटभर उंच करून खरबरीत उताराची फरशी करावी. ओल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुरातला मधला मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा पडतो, आणि पाय उचलताच त्याचा वास येतो. रक्त शोषणाऱ्या मोठ्या गोमाश्यांचा बंदोबस्तही हवा, कारण त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रोग पसरतो. ताप येऊन जातो, पुन्हा येतो आणि घोडा झिजत जातो.

घोडा घ्यायला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची यात्रा सोयीची आहे, तिथे घोड्यांचा बाजार भरतो. ती दत्तजयंतीला भरते, म्हणजे कोरड्या हवेतून आलेल्या जनावराला पावसाळ्याआधी पाच-सहा महिने रुळायला मिळतात. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीशिवाय व्यवहार करू नका, हा रोग माणसालाही होतो.

मोतद्दाराबरोबर गावातला एक दुसरा माणूसही आत्तापासून तयार करा. जुलैत लावणी असते, पुढे गणपती आणि नंतर शिमगा, आणि त्या दिवसांत कोणीही आपल्या घरी जाणारच. तो त्याचा हक्क आहे. या दुसऱ्या माणसाला महिन्यातून चार दिवस रोजाने बोलवा आणि खरारा व खुराक त्याच्याच हातून होऊ द्या, म्हणजे घोडा त्याला वासाने ओळखू लागेल.