तिनं तसं लिहिलं, म्हणजे ती तशी आहे का?

कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे आईवडील हल्ली एक काळजी हमखास घेऊन येतात : पुरुष-पुरुषाच्या, बाई-बाईच्या प्रेमाच्या गोष्टी वाचून मूल 'तसं' होतं का? सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका जोडप्याचा अनुभव सांगते. मुलीच्या संमतीनं लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. मुलगी एकोणीस वर्षांची. तिची कथा कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी निवडली गेली होती आणि घरात रणकंदन माजलं होतं. कथेत भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्या दोन बायका आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढतं, दोघी एका शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत येतात. यादी करणारा विचारतो, "कुटुंबप्रमुख कोण? नातं काय?" एक म्हणते 'बहीण', त्याच वेळी दुसरी म्हणते 'मैत्रीण'. तो वर बघतो आणि रकान्यात आडवी रेघ मारतो. पाणी ओसरल्यावर दोघी खोलीतला गाळ उपसतात, बंद पडलेला फ्रिज दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा यावरून भांडतात. संपली कथा.

"पुरावर लिहायचं तर लिही की," वडील म्हणाले. "हे कशाला मध्ये? आमचे एक नातेवाईक म्हणतात, पुण्यात डॉक्टर आहेत, औषधानं बरं करतात."

मी आधी त्याचंच उत्तर दिलं, कारण असल्या 'उपचारां'नी मुलं किती खचतात हे मी पाहिलंय. बरं करण्यासारखं यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. लैंगिक कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. तेव्हा पुण्याचा विषय इथंच संपवा, म्हटलं.

राहिलं वाचनाचं. आपण सगळे नायक-नायिकेच्या गोष्टींवर वाढलो. ज्यांचा कल वेगळा होता तीही मुलं त्याच गोष्टी वाचत मोठी झाली, आणि त्यानं त्यांचा कल काही बदलला नाही. मग एका कथेनं उलटं कसं होईल? मनातलं कुणाजवळ बोलता न येणाऱ्या मुलाला आपल्यासारखं आणखी कुणी आहे एवढं मात्र अशा कथेतून कळतं. माझ्यासमोर बसून ज्यांनी हे सांगितलंय, त्यांच्या आवाजातला सुटकेचा भाव मी विसरू शकत नाही.

आई बराच वेळ गप्प होत्या. मी विचारलं, "ताई, कथेत तुम्हाला नेमकं काय खुपलं?"

त्या म्हणाल्या, "शेवटी त्यांचं काहीच होत नाही, मॅडम."

मला वाटतं, त्या कथेची ताकद या माउलीनं अचूक हेरली होती. आपल्या गोष्टींमध्ये अशा माणसांचं शेवटी काहीतरी व्हायचंच. जीव द्यायचा, वेड लागायचं, लग्न लावून 'सुधारायचं', किंवा सिनेमात लचकत येऊन हशा मिळवून निघून जायचं. नुसतं असणं त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. उर्दू लेखिका इस्मत चुगताईंची दोन बायकांच्या नात्यावरची 'लिहाफ' ही कथा १९४२ मध्ये छापून आली, तर अश्लीलतेच्या खटल्यासाठी त्यांना लाहोरच्या कोर्टात उभं राहावं लागलं. त्या सुटल्या, पण त्या कथेतल्या नात्यावरही भीतीची सावली होतीच. आजची नवी पोरं लिहितात त्यात शिक्षा नाही, खुलासाही नाही. स्वयंपाकात रमणारा पैलवान असतो, मूल नको म्हणणारी आणि त्याबद्दल माफी न मागणारी बाई असते, फ्रिजवरून भांडणाऱ्या या दोघी असतात. लघुकथेत जागा थोडी, त्यामुळे समर्थन करत बसायला वाव नसतो. माणूस सरळ रोजच्या जगण्यात दिसतो, आणि मनातला ठरीव साचा तिथंच अडखळतो.

"मग आमची मुलगी तशी आहे का?" वडिलांनी अखेर विचारलंच.

त्याचं उत्तर मी दिलं नाही, देणारही नाही. मुलगी माझ्याशी एकटीनं बोलली ते तिचं आहे. बाईचं मन लिहिणारे पुरुष लेखक आपल्याकडे कमी झालेत का? कथा हा कबुलीजबाब मानला तर लिहिणाऱ्याचा हातच थांबेल. आणि कथेत तिचं स्वतःचं काही असेलच, तर ते घरी सांगता येईल असं तिला वाटायला हवं. उलटतपासणी केली तर ती उद्यापासून घरात नुसती खोटं बोलेल. मी आईंना सुचवलं, तिच्याबद्दल काही विचारू नका, कथेबद्दल विचारा. यादीवाल्यासमोर पहिली 'बहीण' का म्हणाली, एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

त्यांनी विचारलं. मायलेकी त्या रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या, असं मुलीनंच मला सांगितलं.

अंक निघाला. वडिलांना टोपणनाव हवं होतं, मुलीनं ऐकलं नाही. कथा तिच्याच नावानं छापून आली. त्यांना ती अजून पटलेली नाही, पण 'मागे घे' म्हणणं थांबलंय. भावकीत कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे ठरवायला ते दोघं पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत.